उभ्या गाडीचा विमा

विमा कंपनीचा निरोप आला तेव्हा गादीवाले गाडीत झोपले होते, आणि निरोपही नेमका त्याबद्दलच होता.

गाडी चालू नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगाच घाबरायचा. गाडी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे निमूट उभी होती. संध्याकाळची वेळ. वरच्या मजल्यांवर कुणी कुणी नळ सोडत होतं आणि भिंतीतल्या पाइपांमधून पाणी खळाळत खाली येत होतं. गादीवाल्यांच्या स्वप्नात त्याची नदी झाली होती. नदीकाठच्या रस्त्यानं त्यांची गाडी चालली होती, स्टिअरिंगवर कुणाचाच हात नव्हता आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. काठावर पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरल्या होत्या आणि त्यांच्यावर अनोळखी माणसं अशी गाढ झोपली होती, की नुसतं बघूनच डोळे जड व्हावेत. त्यातला एकजण अचानक उठून बसला आणि त्यानं तोंडानं टुंग असा आवाज काढला. गादीवाल्यांनी डोळे उघडले. आवाज मोबाइलचा होता.

'प्रिय ग्राहक, प्रत्यक्ष पाहणीत आपले वाहन निवासी स्वरूपात वापरले जात असल्याचे आढळल्याने आपली मान्य झालेली पॉलिसी रद्द करण्यात येत आहे. आपला दिवस सुखाचा जावो.'

दिवस मावळला होता, त्यामुळे शेवटच्या वाक्याचाही काही उपयोग नव्हता.

आता गादीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाजारातल्या एका मोठ्या दुकानात ते गाद्या विकत, आणि इतकी वर्षं विकत होते की इमारतीत, बँकेत, न्हाव्याकडे, एवढंच काय, सासुरवाडीलाही ते गादीवालेच झाले होते. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला "आडवे व्हा ना, संकोच करू नका, बूट असू द्या" म्हणायचं, डोक्याखाली उशी सरकवायची आणि गिऱ्हाईक डोळे मिटून काथ्या की फोम याचा विचार करत असताना पायथ्याशी हात बांधून उभं राहायचं, हा त्यांचा पेशा. गिऱ्हाइकं बिनदिक्कत घोरत. एकदा तर एक जोडपं दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत झोपलं आणि उठून "विचार करून सांगतो" म्हणून निघून गेलं. एवढ्या लोकांना झोप विकणारा हा माणूस स्वतः मात्र कोरडा पाषाण. घरात दुकानातली सगळ्यात भारी गादी होती. तिच्यावर ते रात्र रात्र छताकडे बघत पडून राहत.

मग मेहुण्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी यांच्या गळ्यात मारली. गादीवाल्यांनी ती एका रविवारी, पायी चालणारे पुढे निघून जातील अशा वेगानं घरी आणली, दोन खांबांच्या मधे लावली, घाम पुसायला म्हणून क्षणभर मान मागे टेकवली, आणि जागे झाले तेव्हा पार्किंगमधले दिवे लागले होते. इतकी सुरेख झोप त्यांना लग्नाआधीसुद्धा लागली नव्हती. त्या दिवसापासून गाडी जागची हलली नाही. रविवारी ते इंजिन चालू करत, त्याची गुरगुर जरा वेळ ऐकत आणि बंद करत. बाकी रोज दुकानातून आलं की चहा घ्यायचा आणि खाली जाऊन एक डुलकी काढायची. हळूहळू खिडक्यांना जुन्या चादरीचे पडदे लागले. दुकानातली नमुन्याची एक उशी आली. गाडी आतून स्वच्छ राहावी म्हणून ते चपला दाराबाहेर काढून, नीट जोडीनं ठेवून, मग आत शिरत.

मेहुण्याच्या विम्याची मुदत संपली तेव्हा गादीवाल्यांनी स्वतःच्या नावानं नवा विमा घ्यायचं ठरवलं. कंपनीतल्या मुलीचा आवाज फोनवर फार गोड होता.

"गाडी कशासाठी वापरता, सर?"

"बसायला."

"सगळेच बसतात, सर," ती हसली. "म्हणजे वैयक्तिक वापर. लिहून घेते."

"अगदी वैयक्तिक," गादीवाले म्हणाले.

हप्ता ठरला, भरला, तिनं अभिनंदनही केलं. पॉलिसी मान्य झाली होती; आता फक्त कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून जाईल, नुसती औपचारिकता, ती म्हणाली. माणूस आला तो नेमका संध्याकाळी. माणूस चांगल्या वळणाचा असावा, कारण त्यानं झोपलेल्याला उठवलं नाही. गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, काचेला कॅमेरा लावून आतला एक काढला आणि तसाच पावलं न वाजवता निघून गेला.

"बरं झालं," निरोप वाचून बायको म्हणाली. "आता घरात झोपा."

ती हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन देऊन तिची उत्तरं फार आखूड झाली होती.

"अगं, प्रश्न झोपेचा नाहीये. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्व पार्किंगमध्ये का घोरतं?"

गादीवाले मोबाइलवरचा निरोप दाखवायला समोरच्या घरात गेले. तिथं शिरस्तेदार राहत. कोर्टातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण कोर्ट अजून त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. भाजी आणायला निघाले तरी तारीख पडल्यासारखे निघत. शिवाय ते इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी निरोप एकदा चष्मा लावून वाचला, एकदा चष्मा काढून वाचला.

"शेजारी म्हणून सांगतो, गादीवाले, सोडू नका. मान्य केलेली पॉलिसी एकतर्फी रद्द करतात म्हणजे काय? हप्ता घेतला ना? हो म्हणाले ना? मग! लढा!"

गादीवाल्यांची छाती फुगली.

"आणि सेक्रेटरी म्हणून सांगतो," शिरस्तेदारांनी आवाज बदलला, "विमा नसलेली गाडी आपल्या पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. आठवडाभरात निकाल लावा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. रांगेत माणसं आहेत."

"अहो, हा नियम केला कुणी?"

"मीच. पण तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, तुमच्या शेजारी नव्हतो."

फुगलेली छाती गादीवाल्यांनी तशीच जपून घरी आणली. त्या रात्री छताकडे बघताना त्यांना ती दोन खांबांमधली जागा रिकामी दिसली, आणि अख्ख्या पृथ्वीवर आपल्याला सुखाची झोप येईल अशी ती एकच जागा, ती जर गेली तर, या विचारानं त्यांना घाम फुटला. पण त्यांनी पंखा वाढवला नाही. बायको शेजारी स्तब्ध झोपली होती. तिला उगाच जाग आली असती.

दुसऱ्या दिवसापासून लढा सुरू झाला. कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला की आधी एक बाई मधाळ आवाजात सांगायची, "आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." मग संगीत लागायचं. आता हे संगीत ज्या कुणी निवडलं तो माणूस गाद्यांच्या धंद्यात असता तर कोट्यधीश झाला असता. संथ, लांबलचक सूर. एक संपतोय असं वाटावं तोवर दुसरा त्याला अलगद कुशीत घ्यायचा. गादीवाले फोन कानाला लावून खुर्चीत बसत आणि बघता बघता एका निळसर बोळात शिरत. बोळ वळत वळत जाई, दोन्हीकडे बंद खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीतून तीच बाई सांगत असे की आपण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचे आहात. आयुष्यात इतक्या लोकांनी एका वेळी त्यांना महत्त्वाचं म्हटलं नव्हतं. ते सगळ्या खिडक्यांना नमस्कार करत पुढे जात, आणि बोळाच्या टोकाला एक माणूस उभा राहून ओरडे, "हॅलो? हॅलो? सर, आपण घोरताय का?"

डोळे उघडेपर्यंत फोन कट झालेला असे.

दरवेळी असंच. शेवटी तर पलीकडच्या माणसानं उचलल्या उचलल्या विचारलं, "झोपेतले काका का?" गादीवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं नोकरीत एका गिऱ्हाइकाकडून कधी वावगा शब्द ऐकून घेतला नव्हता त्यांनी. त्यांनी त्या माणसाला खडसावून उत्तर द्यायचं ठरवलं. पण तो "एक मिनिट होल्ड करा" म्हणाला, आणि संगीत लागलं.

"द्या इकडे तो फोन," बायको म्हणाली. "मी खिडकीच्या आतली बाई आहे. मला येतं हे."

तिनं संगीत ऐकत ऐकत भाजी निवडली, फोनवरच्या माणसाला फक्त "मग पुढे काय करायचं?" एवढंच तीन वेळा विचारलं आणि भेटीची वेळ घेऊन फोन ठेवला.

"कारण नाही विचारलंस?" गादीवाले म्हणाले.

"खिडकीतल्या माणसाला कारण विचारायचं नसतं. त्यालाही माहीत नसतं, मग तो चिडतो. पुढे काय, ते विचारायचं. ते त्याला पाठ असतं."

कंपनीच्या कार्यालयात दोघं गेले. बसायला लांबलचक सोफे होते. गादीवाल्यांनी बसण्याआधी सवयीनं तळहात दाबून पाहिला आणि मान हलवली. फोम हलका होता, कडेला दबला होता. असल्या सोफ्यावर आपल्याला झोप येणं शक्य नाही, असं ते बायकोला सांगत होते आणि सांगता सांगताच त्यांना लागली. बायकोनं कोपर मारून उठवलं तेव्हा त्यांचा नंबर पुकारून झाला होता आणि पुढचा माणूस उठून उभा राहिला होता. तिनं त्या माणसाला, खिडकीतून ज्या नजरेनं नातेवाइकांना थोपवायची, त्या नजरेनं थोपवलं.

आतल्या मॅडम वागायला चांगल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा यांच्याकडे वळवला.

"हे तुम्हीच ना?"

पडद्यावर गादीवाले झोपले होते. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात पोटावर, चादरीच्या फटीतून आलेला उजेड गालावर. स्वतःला झोपलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आधी त्यांना लाज वाटली. मग त्या माणसाचा हेवा वाटायला लागला. भुवया सैल, कपाळावर एक आठी नाही. त्याला कुणी काही विचारत नव्हतं आणि त्याला कुणाला काही विकायचं नव्हतं.

"दिसतो तर मीच," ते हळूच म्हणाले. "पण इतका सुखी मी नसतो हो कधी."

"आणि ह्या तुमच्या चपला." मॅडमनी पुढचा फोटो काढला. गाडीच्या दाराबाहेर चपला शहाण्यासारख्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. "आमच्या साहेबांनी यावरच बोट ठेवलंय. त्यांचं म्हणणं, माणूस चपला बाहेर काढून शिरतो ते घर. गाडीत कुणी चपला काढून शिरत नाही. त्यात उशी, पडदे."

"मॅडम, मला घरात झोप येत नाही. गाडीत येते. मग हे घर कसं असेल?"

मॅडम विचारात पडल्या. असा युक्तिवाद त्यांच्याकडे याआधी आला नसावा. गादीवाले आता कराराबद्दल, शब्दाबद्दल, शिरस्तेदारांनी घोटवून घेतलेलं भाषण सुरू करणार, एवढ्यात बायकोनं त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"मग पुढे काय करायचं?"

"निवासी वापर म्हणजे वरच्या मजल्यावर, घरांचा विमा," मॅडम चटकन म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उत्साही होते. बरेच दिवसांत त्यांच्याकडे कुणी आलं नसावं. त्यांनी पेन उघडलं.

"भिंती कसल्या?"

"पत्र्याच्या."

"दारं?"

"चार. मागची डिकी धरली तर पाच."

"वा, हवेशीर आहे. स्वयंपाकघर?"

"नाही."

"असू दे. पाया?"

"चाकं आहेत."

पेन थांबलं. गृहस्थांनी गादीवाल्यांकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा गादीवाल्यांकडे पाहिलं. एखाद्याला मुलगी पसंत पडावी आणि मग ती आपलीच आतेबहीण निघावी, तसा त्यांचा चेहरा पडला.

"चाकं असली तर ते घर नाही हो."

"एवढं लिहून द्या," बायको म्हणाली.

आणि त्यांनी दिलं. 'सदर वस्तू घर नाही.' खाली सही, शिक्का. तो कागद घेऊन दोघं जिना उतरली तेव्हा गादीवाल्यांना आपण तरंगतोय असं वाटत होतं. मॅडमनी कागद वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवला आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

"घर नाही हे साहेबांना मान्य आहे. पण म्हणून ते वाहन आहे असं होत नाही. वाहन म्हणजे जे चालतं. शुक्रवारी इथं मागच्या आवारात आणा, सर्व्हेअरसमोर, म्हणजे फोटो काढून गेला त्याच्यासमोर, चालवून दाखवा. चालली तर रद्द केलेली पॉलिसी पुन्हा चालू."

"आणतो की!"

"मात्र विम्याशिवाय रस्त्यावर चालवायची नाही हं. गुन्हा आहे तो."

"मग आणायची कशी?"

"ते तुम्ही बघा," मॅडम म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीभोवती इमारत जमली. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, ढकलत न्या. त्यावर शिरस्तेदारांनी रस्त्यावर ढकललेलं वाहन हे रस्त्यावर चालवलेलं वाहन होतं का, यावर बराच ऊहापोह केला. कुणी म्हणालं, कंपनीलाच इथं बोलवा. कुणी म्हणालं, गाडी विकून एक चांगला पलंग घ्या. ते गादीवाल्यांना फार लागलं. गाद्यांच्या धंद्यातल्या माणसाला पलंगाचा सल्ला! ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. पाइपांमधून पाणी खळाळत होतं. उद्या परवा इथून हिला न्यायचं, आणि पुन्हा आणता येईल की नाही कोण जाणे. भोवतीचे आवाज हळूहळू लांब गेले, आणि उभ्या उभ्या त्यांना पुन्हा ती नदी दिसायला लागली. काठ मात्र ओस होता. गाद्या कुणीतरी गुंडाळून नेल्या होत्या.

"उचलून न्या," बायको म्हणाली. "उचललेली गाडी चालत नाही. क्रेनवाल्याला बोलवा."

शिरस्तेदारांनी एक क्षण विचार केला आणि मान डोलावली. कायद्यात बसत होतं.

शुक्रवारी क्रेनवाला आला. त्यानं गाडीची पुढची चाकं उचलली तशी ती, मास्तरांनी कान धरून उभं केलेल्या पोरासारखी, दोन पायांवर उभी राहिली. गाडीत कुणाला बसू द्यायला त्यानं साफ नकार दिला, म्हणून नवराबायको क्रेनच्या केबिनमध्ये दाटीवाटीनं बसली. शिरस्तेदार "साक्षीदार म्हणून" स्कूटरवरून मागे. आता क्रेनच्या मागे लटकलेली गाडी आणि केबिनमध्ये खाली मान घालून बसलेला मालक दिसला की बघणारा काय समजणार? चौकात दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, तेच ते विचार करून सांगणारं.

"अरेरे! गादीवाले! जप्त झाली का हो?"

"नाही, नाही! विम्याला चाललीय!"

"गेली का? कशी गेली?"

सिग्नल सुटला. गादीवाल्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून खुलासा करायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत गिऱ्हाइकानं मागून जाणाऱ्या गाडीला हात जोडले होते. रस्ताभर लोक हळहळत होते. जागेपणी इतकी सहानुभूती सहन करण्यापेक्षा झोप आली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. पण आली नाही.

कार्यालयामागचं आवार मोठं होतं. भिंतीकडेनं अपघातातल्या गाड्या लावल्या होत्या. कुणाचं नाक चेपलेलं, कुणाचा एक डोळा गेलेला, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या गप्प. दुपारचं मऊ ऊन फुटक्या काचांवर पसरलं होतं. लांब एका शेडमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. क्रेनवाल्यानं गाडी मधोमध उतरवली आणि तो गेला. सर्व्हेअर जेवायला गेला होता. शिरस्तेदार सावली बघून स्कूटरवर बसले. नवराबायको गाडीत जाऊन बसणार, तर बायको दाराशी थबकली.

"चपला काढू?"

"आज नको. आज ही गाडी आहे."

ती आत बसली. गाडी घरात आली तेव्हापासून ती एकदाही तिच्यात बसली नव्हती. तिनं मान मागे टेकवून पाहिली.

"सीट मऊ आहे हो."

"जुनी आहे. स्पंज बसलाय, म्हणून अंग धरते. नव्या सीटला हे जमत नाही."

"आणि इथं तुम्हाला झोप येते."

"येते."

"मला कुठंच येत नाही," ती म्हणाली. चौकशी खिडकीतून एखादा वॉर्ड कुठल्या मजल्यावर आहे ते सांगावं, तशी.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही येत. माझी आई आपल्याकडे आजारी होती ना, तेव्हापासून. रात्री हाक मारायची, म्हणून कान उघडे ठेवून पडायची सवय लागली. ती गेली. सवय राहिली."

"अगं, पण तू तर रात्रभर गाढ असतेस! कूससुद्धा बदलत नाहीस!"

"तुमची झोपमोड होऊ नये म्हणून."

"मी जागाच असतो!"

"मग हलत का नाही कधी?"

"तुझी झोपमोड होऊ नये म्हणून."

बाजारातली सगळ्यात भारी गादी, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं फूटपट्टीसारखी सरळ पडलेली दोन जागी माणसं, एकमेकांच्या नसलेल्या झोपेवर पहारा करणारी. आधी तिला हसू आलं, मग त्यांना. ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली आणि मग तिनं ते पाणी पुसलं. गादीवाल्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण काचेवर टकटक झाली.

"काका, आज जागे?" सर्व्हेअर वाकून बघत होता. "मी तुम्हाला डोळे मिटलेलेच ओळखतो. चला, चालू करा. एक चक्कर मारून दाखवा, की झालं."

गादीवाल्यांनी किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं. क्लच सोडला तशी गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली. डावीकडचा दिवा लावायला गेले तर काच पुसायचे हात सुरू झाले, कोरड्या काचेवर करकरत. "हँडब्रेक!" शिरस्तेदार सावलीतून ओरडले. हँडब्रेक खाली गेला आणि गाडी चालायला लागली. चेपलेल्या गाड्यांच्या समोरून, शेडच्या कडेनं, फाटकापाशी वळून परत. पहिलं वळण त्यांनी श्वास धरून घेतलं, दुसरं सोडून. गाडी डुलत होती. ऊन एका खिडकीतून आत यायचं, मांडीवरून सरकत दुसऱ्या खिडकीतून निघून जायचं.

"बघ, चालते की नाही?" ते अभिमानानं म्हणाले.

उत्तर आलं नाही. त्यांनी मान वळवली. बायकोची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, हात मांडीवर सैल पडले होते. भुवया सैल. कपाळावर एक आठी नाही.

"पास!" सर्व्हेअरनं हात वर केला. "झालं काका! थांबवा!"

गादीवाल्यांनी गाडी थांबवली नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढे गेले. पुढच्या फेरीला सर्व्हेअर गाडीबरोबर चालायला लागला. "काका, पुरे, पास झाली गाडी..." एवढं बोलून त्यानं आत पाहिलं आणि तो बोलायचा थांबला. मग मागे फिरून शेडकडे पळत गेला. पत्र्याची ठोकाठोक बंद झाली.

"ब्रेक! गादीवाले, ब्रेक मधला!" शिरस्तेदार धावत येत होते. सर्व्हेअरनं त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. कोर्टात उभ्या जन्मात कुणी गप्प केलं नसेल असे शिरस्तेदार गप्प झाले आणि टोपी काढून उभे राहिले.

मॅडम कागद घेऊन खाली आल्या. पॉलिसी पुन्हा चालू झाली होती, फक्त एक सही हवी होती. गाडी जवळ आली की त्या खिडकीशी कागद धरत आणि चार पावलं बरोबर चालत. एका फेरीत गादीवाल्यांनी पहिलं नाव लिहिलं, पुढच्या फेरीत आडनाव, आणि त्याच्या पुढच्या फेरीत खाली रेघ ओढली. मॅडमनी मान हलवून 'मिळालं' अशी खूण केली. मग कार्यालयात परत जाण्याऐवजी त्या तिथंच भिंतीशी उभ्या राहिल्या. वरच्या मजल्याच्या खिडकीत ते घरांच्या विम्याचे गृहस्थही येऊन उभे राहिले होते. आवारात इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

गादीवाले फिरत होते. त्यांना मुळीच झोप येत नव्हती. डोळे असे लख्ख उघडे होते, की भिंतीतली एकेक वीट दिसावी. दर वळणावर ते स्टिअरिंग इतक्या हळुवार फिरवत, जसं काही पाण्यानं काठोकाठ भरलेलं भांडं शेजारी ठेवलं आहे. पेट्रोलचा काटा खाली खाली जात होता. रोज उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोल असणार तरी किती? फाटकापासच्या वळणावर इंजिन दोनदा खाकरलं आणि विझलं. गाडी आपल्याच ओढीनं थोडी पुढे गेली आणि थांबली.

बायकोनं डोळे न उघडताच विचारलं, "पोचलो?"

गादीवाल्यांनी समोर पाहिलं. समोर तीच भिंत होती, त्याच चेपलेल्या गाड्या होत्या.

"नाही गं, अजून लांब आहे," ते म्हणाले. "झोप तू."

मागे चपला सरपटल्याचा बारीकसा आवाज झाला. आरशात शिरस्तेदार दिसले, सर्व्हेअर दिसला, पदर खोचलेल्या मॅडम दिसल्या. तिघांनी डिकीला हात लावले, आणि गाडी चालायला लागली.